एकच कागद असलेली माणसं

बेळगावच्या माणसाला सांब्र्याहून विमानाने बंगळूरला जायचं असलं, तर ओळखपत्राची चिंता तो फारशी करत नाही. आधार सापडलं नाही तर मतदार कार्ड, ते नसलं तर लायसन्स, तेही नसलं तर पॅन. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने ऑक्टोबर २०१७ मध्ये देशांतर्गत विमानप्रवासासाठी ओळखपत्रांची जी यादी काढली, तिच्यात दहा प्रकारचे कागद होते. फोटो लावलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक त्यात बसतं, पेन्शनचं कार्ड बसतं, दिव्यांगांचं ओळखपत्र बसतं. आईबापांबरोबर जाणाऱ्या लहान मुलाला काहीच दाखवावं लागत नाही. आणि यातलं काहीही जवळ नसलं, त्याला खरंच कारण असलं, तर गट ‘अ’च्या राजपत्रित अधिकाऱ्याने लेटरहेडवर फोटो साक्षांकित करून दिलेलं पत्रही चालतं. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहावं, असा विचार करून कुणीतरी ती यादी केली आहे, आणि चांगली केली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलींना त्या यादीचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांच्याकडे पासपोर्ट आहे. तेवढंच.

नेहरूनगरच्या बाजूला घर असलं की भाडेकरू शोधावे लागत नाहीत. दवाखाना, मेडिकल कॉलेज, नर्सिंग, डेंटल, सगळं त्याच परिसरात. मलेशियाच्या एका विद्यापीठाचा इथल्या केएलई शिक्षणसंस्थेबरोबरचा वैद्यकीय अभ्यासक्रम २०१० मध्ये इथे सुरू झाला, तेव्हापासून मलेशियाची मुलं गावाच्या ओळखीची झाली. भाजीवाल्या मावशींना त्यांच्यासाठी मिरची वेगळी काढायची सवय झाली. त्यांच्याशिवाय इंजिनिअरिंगला, फार्मसीला आलेली आफ्रिकेतली मुलं आहेत, नेपाळची आहेत. मराठी शाळेत आयुष्य शिकवण्यात गेलं, त्यामुळे घरात पुस्तकं घेऊन बसलेलं पोर असलं की मला बरं वाटतं. म्हणून निवृत्तीनंतर वरच्या दोन खोल्या मी विद्यार्थिनींनाच देते.

परदेशी मुलीला खोली दिली की घरमालकावर एक काम येतं, आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘फॉर्म सी’ भरायचा. हॉटेलवाल्यांनाच तो लागतो असा समज आहे, खरं तर परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, घरगुती खोली असली तरी. माणूस राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत, ऑनलाइन. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आली, किती दिवस राहणार. पहिल्यांदा तो भरायला बसले तेव्हा त्या मुलीचा पासपोर्ट बराच वेळ माझ्या हातात होता. एका पोराचं सगळं अस्तित्व एवढ्याशा वहीत मावलेलं पाहून मला धसकाच बसला. ही वही हरवली तर? घरातल्या ओल्या भिंतीची बुरशी तिला लागली तर? बेळगावचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. जुलैत कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. तेव्हापासून मुली आल्या की खोलीच्या किल्लीबरोबर मी एक झिपची जाड प्लास्टिकची पिशवी देते.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे हे लिहायला बसले.

मलेशियाहून आलेली एक तमिळ वंशाची मुलगी माझ्याकडे होती. पहिली मोठी सुट्टी लागली आणि बंगळूरच्या मैत्रिणीकडे जायला तिने सांब्र्याहून विमानाचं तिकीट काढलं. देशाबाहेर जायचं नाही, एकाच राज्यातल्या दोन गावांमधला प्रवास, तेव्हा पासपोर्ट जपून घरीच ठेवावा, असा तिने विचार केला. वर्गातल्या इथल्या मुलांनी सांगितलं होतं की विद्यार्थ्याचं ओळखपत्र चालतं. त्यांचं सांगणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या दहा कागदांच्या यादीत सरकारी संस्थेने दिलेलं विद्यार्थी ओळखपत्र आहेच. पण ती यादी आपल्या नागरिकांना डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. परदेशी प्रवाशाने पासपोर्ट दाखवायचा, मूळ पासपोर्ट, विमान बंगळूरला जाणारं असो की क्वालालंपूरला.

टर्मिनलच्या दारावर जवानाने कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पासपोर्ट मागितला. तिने मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. तो चालत नाही. आपलं आधार ॲपमध्ये चालतं, डिजिलॉकरमध्ये असलेलं लायसन्स चालतं, कारण ते खरं की खोटं हे सरकारला तिथल्या तिथे तपासता येतं. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो हा फक्त फोटो. जवान तिच्याशी नीट बोलला, बाजूला बसवलं, पाणी हवं का विचारलं, असं तिनेच नंतर सांगितलं. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

तिचा मला फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बारीक झाला होता. “आंटी, माझ्या टेबलाच्या खणात निळ्या पिशवीत आहे.” शेजारचा मुलगा अंगणात स्कूटर पुसत होता. त्याने माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, “बाई, कुठं हाय तेवढं सांगा, मी नेऊन देतो की.” नेहरूनगरातून चन्नम्मा चौक, किल्ला, गांधीनगर, मग मुतग्यावरून सांब्रा. संध्याकाळची वेळ, गांधीनगरच्या पुलाशी ट्रकांची रांग. विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतं. पोरगं पोचलं, पासपोर्ट तिच्या हातात पडला, पण काउंटर बंद झालेलं होतं.

त्याच रात्री ती स्लीपर बसने बंगळूरला गेली. बसमध्ये तिला कुणीही काहीही विचारलं नाही. नाव, सीट नंबर, आणि धारवाडच्या पुढे कुठेतरी जेवायला गाडी थांबली. तेवढंच. रेल्वेने गेली असती तर टीसीने कदाचित ओळखपत्र मागितलं असतं, कदाचित नाही. हा फरक त्या मुलीला काही केल्या कळेना. “मी तीच, गाव तेच. विमानात बसले की परदेशी आणि बसमध्ये बसले की साधी प्रवासी?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर चौकशी केली, वाचलं, विमानतळावर काम केलेल्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, आणि मग नीट समजलं.

देशांतर्गत विमानाच्या दारावर दोनच गोष्टी बघतात. समोरचा चेहरा कागदावरच्या फोटोतला आहे का, आणि कागदावरचं नाव तिकिटावरचं आहे का. व्हिसा आहे की नाही, कधी संपतो, इथे का आलात, हे त्या दाराचं काम नाही. ते बघणारं दार वेगळं. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या रांगेत इमिग्रेशनचा अधिकारी बसतो, त्याचं ते काम. त्यामुळे सांब्र्याच्या दारावर पासपोर्ट हा देश ओलांडायचा परवाना म्हणून मागत नाहीत, चेहरा आणि नाव यांची सांगड घालणारा कागद म्हणून मागतात. आपण आधार दाखवतो तेही त्याचसाठी. पण आपल्याजवळ तशा सांगडी घालणारे पाच-सहा कागद असतात आणि परदेशातून आलेल्या पोराजवळ एकच. मुदत संपलेला पासपोर्ट असेल तर तोही उपयोगाचा नाही. म्हणजे एकही नाही.

मग कुणी म्हणतं, त्यांनी आधार काढावं. कायद्याने ते शक्य आहे. आधार हे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस देशात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं. मात्र त्याची मुदत व्हिसा असेपर्यंतच. शिवाय नव्याने आलेल्या मुलीला पहिलं अर्धं वर्ष तर ते मिळणारच नाही, आणि नेमक्या त्याच अर्ध्या वर्षात ती सगळ्यांत जास्त गोंधळलेली असते. मोठ्या विमानतळांवर डिसेंबर २०२२ पासून ‘डिजी यात्रा’ आली, चेहरा दाखवून आत जायची सोय. तीही आधारवरच सुरू झाली. आपल्या मुलांची रांग दरवर्षी अधिक झरझर पुढे सरकते आहे आणि शेजारची रांग जिथल्या तिथे आहे. हे मुद्दाम कुणी केलेलं नाही हे मला कळतं. तरी त्या रांगेत उभं असलेलं पोर एकोणीस-वीस वर्षांचं असतं आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरचं कुणी नसतं.

नावाचा गुंता तर आणखी निराळा. मलेशियाच्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे वेगळे रकाने नसतात, सलग एकच नाव असतं. तिथल्या तमिळ मुलींच्या नावात स्वतःचं नाव, मग ‘ए’ आणि ‘पी’ ही अक्षरं मधे तिरकी रेघ देऊन, आणि पुढे वडिलांचं नाव. म्हणजे अमक्याची मुलगी. मुलग्यांच्या नावात ‘पी’च्या जागी ‘एल’. मलय मुस्लिम मुलांच्या नावात ‘बिन’ आणि मुलींच्या नावात ‘बिन्ती’. आता तिकिटाच्या अर्जात पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि तिरकी रेघ तर टाकताच येत नाही. कुणी वडिलांचं नाव आडनाव म्हणून घालतं, कुणी मधली अक्षरं गाळतं, कुणी आपलंच नाव दोनदा लिहितं. जाणत्या मुली पासपोर्ट समोर ठेवून, आहे त्या क्रमाने, एकही अक्षर न गाळता दोन रकान्यांत विभागतात आणि दर वेळी तसंच लिहितात. दुरुस्ती हवी असेल तर विमान कंपनीला आधी फोन करून ती होऊ शकते. विमानतळाच्या दारात उभं राहून करायला गेलं तर हातातला वेळ निघून जातो.

हे ऐकताना मला आमचीच घरं आठवत होती. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या कागदपत्रांची पेटी उघडून बघा. घरात बोलणं मराठीत, शाळेचा दाखला मराठीत, आणि रेशन कार्ड, मतदार कार्ड, उतारा कानडीत. एकाच माणसाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं, कारण लिहिणाऱ्या कारकुनाने कानडीतून जसं वाचलं तसं ते उतरवलं. काहींच्या कागदावर पूर्ण नाव, काहींच्या कागदावर नुसती आद्याक्षरं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदांवर गावाचं नाव बदललं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगाम’ आणि नंतरच्या दाखल्यावर ‘बेळगावी’. परदेशी शिकायला निघालेल्या इथल्या पोरांना ही दोन गावं एकच आहेत हे पटवून द्यायला किती प्रतिज्ञापत्रं करावी लागली, ते नोटरीकडच्या बाकावर बसलेल्या आईबापांना विचारा. चंदगडच्या बाजूला सासर आणि खानापूरला माहेर असलेल्या बाईची तर लग्नानंतर दोन राज्यांत नावं फिरतात. महाराष्ट्र सरकार ८६५ गावांतल्या मराठी लोकांना आपलं मानून काही सवलती देतं, पण त्या घ्यायच्या तर पुन्हा दाखला आणायचाच. कागद बरोबर असूनही समोरच्याला तो पटेल का, ही धाकधूक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढलो आहोत. १९५६ पासून ज्या भागात माणसाची ओळख हा वादाचा आणि २००४ पासून कोर्टात चालणारा प्रश्न आहे, त्या भागाला परक्या पोराची ही अडचण सांगावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

थंडीत गरम कपडे विकायला येणारी तिबेटी माणसं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मुंडगोडची त्यांची वसाहत इथून फार लांब नाही. साठच्या दशकात ती वसली. तिथे जन्मलेली, कानडी घडाघडा बोलणारी कितीतरी माणसं कायद्याच्या लेखी अजून परदेशी आहेत. नोंदणीचं पुस्तक वेळोवेळी नवं करून घ्यायचं, देशाबाहेर जायचं तर पिवळं ओळखपत्र काढायचं. कुठल्याही देशाचा पासपोर्ट नसलेली माणसं. त्यांच्यापुढे माझ्या भाडेकरू मुली भाग्यवान म्हणायच्या. अडचणीच्या वेळी त्यांना निदान फोन करायला वकिलात तरी आहे.

अर्थात तो फोनही सोपा नसतो. मलेशियाचा उच्चायोग दिल्लीत आहे, वाणिज्य दूतावास मुंबईत आणि चेन्नईत. बेळगावात पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग यापैकी कुठेतरी जाऊन नवा पासपोर्ट किंवा तात्पुरता प्रवासाचा कागद, आणि त्यानंतर नव्या कागदाप्रमाणे इथली व्हिसाची नोंद बदलून घेणं. आणि मुंबईला जायचं कसं? विमानाने जाता येत नाही, कारण पासपोर्ट नाही. रात्रभर बसने जायचं, सकाळी रांगेत उभं राहायचं.

म्हणूनच पुढची गोष्ट ऐकली तेव्हा माझा संताप आवरेना. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरमालकाने आफ्रिकेतून आलेल्या एका मुलाचा पासपोर्ट अनामत म्हणून ठेवून घेतला होता. भाडं थकलं तर पळून जाऊ नये म्हणून. त्या मुलाच्या घरी आजारपण निघालं. दिल्लीहून पुढचं विमान होतं, सांब्र्याहून दिल्लीला जायचं होतं, आणि पासपोर्ट कुणाच्या तरी तिजोरीत. घरमालक गावाला गेलेला. माझ्याकडच्या मुलींच्या ओळखीतून ते पोर आमच्या अंगणात येऊन बसलं होतं.

मी त्या घरमालकाच्या नातेवाइकांकडे गेले. त्यातला एक जण माझा विद्यार्थी निघाला. त्याला म्हटलं, “अरे, पासपोर्ट त्या मुलाच्या मालकीचासुद्धा नसतो रे, ज्या सरकारने दिला त्याचा असतो. तुझ्या काकांनी दुसऱ्या देशाच्या सरकारची वस्तू तिजोरीत ठेवली आहे.” तो म्हणाला, “बाई, काकांच्या मनात वाईट नव्हतं, सगळेच ठेवून घेतात.” मला वाटतं, त्याचं म्हणणं खरं होतं. त्या माणसाच्या मनात दुष्टावा नसणार. आधारची झेरॉक्स ठेवून घ्यायची आपली सवय, तिचीच ही पुढची पायरी. पण आपलं आधार कुणी अडकवून ठेवलं तर आपण दुसरं कार्ड काढून दाखवतो. त्या पोराचं हलणंच बंद होतं. विमान नाही, हॉटेलात खोली नाही, बँकेत काम नाही. रस्त्यात पोलिसाने विचारलं तर दाखवायला काही नाही. कुलूप लावलेलं नसतं एवढंच.

पासपोर्ट ठेवून घ्यायला कुठलंही कामाचं कारण नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. ही नोंद आणि व्हिसाची मुदतवाढ २०१८ पासून ऑनलाइन होते. पासपोर्टच्या पानांच्या स्कॅन प्रती चढवायच्या असतात. घरमालकाच्या फॉर्म सीलाही नंबर आणि फोटो पुरतात. कॉलेजला, वसतिगृहाला, घरमालकाला, एजंटाला, सगळ्यांना प्रत पुरते. मूळ पासपोर्ट लागतो तो विमानतळावर, वकिलातीत, आणि अधिकाऱ्याने समोर बोलावलं तर तिथे. या सगळ्या ठिकाणी ते पोर स्वतःच तो घेऊन जातं.

नातेवाइकांनी त्या काकांना फोन लावला, तिजोरीची किल्ली शेजारच्या घरी होती, ती मागवली. पासपोर्ट हातात आला तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा आतलं व्हिसाचं पान उघडून पाहिलं, मग माझ्या पायाला हात लावला. ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशीचं विमान त्याला मिळालं.

हे मी आमच्या गल्लीतल्या घरमालकांच्या बैठकीत सांगितलं. दोघांनी विचारलं, मग भाडं बुडलं तर? प्रश्न रास्त आहे, घरभाड्यावर घर चालवणाऱ्या विधवा बायका आमच्याकडे आहेत. त्यांना मी सांगितलं, अनामत पैशांत घ्या, दोन महिन्यांची घ्या, पावती द्या, अकरा महिन्यांचा करार करा, कॉलेजचं पत्र मागा, आईबापांचा फोन नंबर घ्या. पासपोर्टच्या फोटोच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत घ्या. मूळ वही त्याच क्षणी, त्याच्या हातात परत द्या. फॉर्म सी कसा भरायचा हे ज्यांना जमत नसेल त्यांनी माझ्याकडे यावं. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते, आणि कानडीत समजावून हवं असेल तर शेजारचा तो स्कूटरवाला मुलगा आहे.